जुन्या फाइल सिस्टीम मॉड्यूलमधलं फालतू लॉकिंग काढायचंय, सुरुवात कुठून करू?

भिजतघोंगडं

नमस्कार मंडळी. पुण्यात एका छोट्या स्टोरेज कंपनीत आहे, नाव राहू दे. आमची घरचीच एक फाइल सिस्टीम आहे, लिनक्सच्या मेनलाइनमध्ये (अधिकृत कोडमध्ये) नाही, मॉड्यूल म्हणून लोड होते. लिहिली २.६ च्या सुरुवातीच्या काळात, तेव्हा जिकडेतिकडे लॉक_कर्नल() होतं (अख्ख्या कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, एकच कुलूप), आणि कर्नलमधून तेच गायब झालं तेव्हा कोणीतरी फाइंड-रिप्लेस मारून त्याजागी एक ग्लोबल म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, सगळ्या माउंटना मिळून एक) ठेवला. त्याच्याभोवती छोटा रॅपर आहे, त्यात ओनर आणि डेप्थ ठेवतात, म्हणजे ज्याने लॉक घेतलंय त्याने परत घेतलं तरी अडकत नाही. ते माणूस केव्हाच सोडून गेलं.

आता आम्ही ६.६ वर आलोय, मशीनला ६४ कोअर, एकाच मशीनवर आठ-दहा माउंट, आणि सगळे एकाच म्युटेक्सच्या दारात रांग लावून. लॉक_स्टॅट (कुठल्या लॉकवर किती वेळ जातो ते मोजणारं कर्नलचं साधन) चालू केलं तर हाच सगळ्यात वर, बाकीचे जवळपास पण नाहीत. मॅनेजर म्हणतो लॉक काढून टाक, टीममधले सीनियर म्हणतात चालतंय ना, मग हात लावू नकोस, पंधरा वर्षांत कोणाचा डेटा गेला नाही. दोघांचंही पटतं हीच पंचाईत आहे.

लॉक घेणाऱ्या जागा म्हणाल तर फिल_सुपर (माउंट करताना), पुट_सुपर (अनमाउंट करताना), स्टॅटएफएस (मोकळी जागा सांगणं), लुकअप (नाव शोधणं), रीडडिर (डिरेक्टरी वाचणं), एलसीक (फाइलमधली जागा बदलणं), आयऑक्टल (खास हुकूम), राइट_इनोड (इनोड म्हणजे फाइलची नोंद, ती लिहिणं), ब्लॉक अलोकेशन, रीनेम... थोडक्यात सगळीकडे. एकाही ठिकाणी कॉमेंट नाही की हे लॉक नेमकं कशासाठी घेतलंय. कुठलं लॉक खरंच लागतं आणि कुठलं नुसतं भीतीपोटी आहे हे ओळखायचं कसं? आणि पहिला हात कुठे घालू?

---

जुनंखोड

आधी हे लॉक आलं कुठून ते बघ, म्हणजे निम्मं कोडं तिथेच सुटतं. १९९६ मध्ये लिनक्स २.० ला एकापेक्षा जास्त प्रोसेसरचा सपोर्ट आला तेव्हा अख्ख्या कर्नलला मिळून एक लॉक होतं, तेच बिग कर्नल लॉक, बीकेएल. तात्पुरती सोय म्हणून आलं आणि २०११ च्या मे महिन्यात २.६.३९ ला गेलं, पंधरा वर्षं! शेवटचा हात अर्न्ड बर्गमनचा, पण त्याआधी कित्येक जणांनी एकेक फाइल सिस्टीम, एकेक ड्रायव्हर धुऊन काढला. तेव्हा तुमच्या कंपनीचं घोंगडं एवढी वर्षं भिजत पडलं यात नवल काही नाही.

आता मुद्दा. बीकेएलचे दोन विचित्र गुण होते. एक, तेच टास्क परत परत घेऊ शकायचं, म्हणून तुमच्या त्या गृहस्थाने ओनर आणि डेप्थ ठेवलं. दुसरा गुण बहुतेक लोक विसरतात: बीकेएल धरून टास्क झोपलं, म्हणजे डिस्कची वाट बघत बसलं, की लॉक आपोआप सुटायचं आणि जागं झालं की परत मिळायचं. म्युटेक्स असं करत नाही. तो धरून झोपलात तर धरूनच झोपलात.

म्हणजे तुझ्या कोडमध्ये जिथे जिथे लॉक घेऊन ब्लॉक वाचतात तिथे जुन्या काळी दुसऱ्यांना वाट मिळायची, आणि त्या फाइंड-रिप्लेसनंतर ती बंद झाली. एका माउंटची डिस्क मंद असेल तर बाकीचे सगळे माउंट तिच्यासाठी थांबतात. माझी पैज आहे की लॉक_स्टॅटमध्ये तुला होल्ड टाइम (लॉक धरून ठेवल्याचा वेळ) भयानक दिसत असेल, नुसता वेट टाइम (लॉकची वाट बघण्याचा) नाही. बघून सांग.

हेच रायझरएफएस या जुन्या फाइल सिस्टीमच्या वेळी झालं होतं. फ्रेडरिक वाइसबेकरने तिथलं बीकेएल काढून दर सुपरब्लॉकला (माउंट झालेल्या फाइल सिस्टीमची मुख्य नोंद) एक म्युटेक्स दिला, २.६.३३ मध्ये आलं ते. रायझरएफएसचा सगळा कोड ‘झोपलो की लॉक सुटणार’ असं धरूनच लिहिलेला, झोपून उठल्यावर मधल्या काळात झाड (डिस्कवरच्या डेटाची रचना) बदललं का ते तपासायला एफएस_चेंज्ड नावाचा मॅक्रोच होता. मग त्याला झोपायच्या जागा शोधून शोधून आधी लॉक सोड, मग झोप, मग परत घे असं हाताने लिहावं लागलं, आणि व्हीएफएसच्या (सगळ्या फाइल सिस्टीमच्या वरचा कर्नलचा सामाईक थर) लॉकशी क्रम उलटा पडला तिथे डेडलॉकचे (दोघं एकमेकांसाठी कायमचे अडकण्याचे) इशारे आले ते वेगळेच. ती फाइल सिस्टीम आता ६.१३ पासून कर्नलमध्येच नाही, पण ते जुने पॅच अजून गिटमध्ये आहेत आणि तुझ्या परिस्थितीला इतकं जवळचं दुसरं उदाहरण नाही. वाच.

---

एक्सएफएस_जिंदाबाद

एवढा खटाटोप कशाला, डेटा एक्सएफएसवर (मेनलाइनमधल्या तयार फाइल सिस्टीमवर) न्या आणि ते मॉड्यूल डिलीट करा. 😄

---

भिजतघोंगडं

@एक्सएफएस_जिंदाबाद भाऊ, तो प्रस्ताव दरवर्षी दिवाळीच्या आधी येतो आणि बजेटच्या मीटिंगमध्ये मरतो.

@जुनंखोड काका पैज जिंकलात, होल्ड टाइमच आहे. कॉल साइट बघितल्या तर सगळ्यात वाईट जागा लुकअप आणि ब्लॉक अलोकेशन, दोन्हीकडे लॉकच्या आत एसबी_ब्रेड (डिस्कवरून ब्लॉक वाचणं) आहे. म्हणजे लॉक काढायच्या आधी लॉक धरून झोपणं काढू का?

---

इनोडवाली

हो, पण त्याच्याही आधी एक काम कर, तो रिकर्सिव्ह रॅपर मोड. डेप्थ आहे तोवर तुला कधीच कळणार नाही की एखादं फंक्शन लॉकसकट बोलावलं जातं की लॉकशिवाय, आणि ते कळल्याशिवाय कुठलंच लॉक काढता येत नाही. फंक्शनचे दोन भाग कर, बाहेरचं लॉक घेणारं आणि आतलं, नावाआधी दोन अंडरस्कोअर असलेलं, जे लॉक आहे असं धरून चालतं. आतल्याच्या पहिल्या ओळीत लॉकडेप_असर्ट_हेल्ड टाक (लॉक खरंच धरलंय का ते तपासणारी ओळ; लॉकडेप म्हणजे लॉकच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन). रॅपरच्या जागी साधा म्युटेक्स ठेवला की जिथे हिशोब चुकला तिथे लॉकडेप लगेच बोंब मारेल. कंटाळवाणं काम आहे, वेगात शून्य फरक पडेल, मॅनेजरला दाखवायला काही नसेल, तरी हेच पहिलं.

मग सोप्या जागा. इथे एकच प्रश्न विचारायचा: या फंक्शनमध्ये येईपर्यंत व्हीएफएसने आधीच काय धरलेलं असतं? कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये फाइलसिस्टीम्स फोल्डरमध्ये लॉकिंग नावाची फाइल आहे, त्यात सगळा तक्ता आहे, प्रिंट काढून भिंतीवर लाव.

फिल_सुपर: सुपरब्लॉक अजून जन्मलेलाच नाही, एस_यूमाउंट (सुपरब्लॉकचं लॉक) राइटमध्ये, म्हणजे एकट्यासाठी, धरलेलं आहे, बाहेरच्या कोणालाच तो दिसत नाही. तिथलं लॉक कोणापासून वाचवतंय? कोणापासूनच नाही. काढ. फक्त एक बघ, फिल_सुपरच्या आत मॉड्यूलच्या एखाद्या ग्लोबल यादीत हा माउंट जोडत असाल तर त्या यादीला स्वतःचं छोटं लॉक लागेल. पुट_सुपरचं पण तेच, उलट्या बाजूने.

रीमाउंट मात्र फसवं आहे. तिथेही एस_यूमाउंट राइटमध्ये असतं म्हणून लोक निर्धास्त होतात, पण उघड्या फाइलींवर रीड-राइट त्याच वेळी चालू असू शकतं, त्यांना एस_यूमाउंटशी देणंघेणं नाही. माउंट ऑप्शन बदलत असाल आणि कोणी दुसरा ते वाचत असेल तर तिथे विचार करावाच लागेल.

लुकअपला डिरेक्टरीचं आय_आरडब्ल्यूसेम (वाचणारे अनेक किंवा लिहिणारा एकच असं लॉक) शेअर्डमध्ये असतं. ४.७ च्या आधी तिथे एक्सक्लूसिव्ह म्युटेक्स होता, अल व्हिरोने त्याचं आरडब्ल्यूसेम केलं, त्यामुळे आता एकाच डिरेक्टरीत दोन वेगळ्या नावांचे लुकअप एकदम आत येऊ शकतात. नाव तेच असेल तर व्हीएफएस एकालाच आत सोडतं. तुमच्या लुकअपमध्ये डिरेक्टरी इनोडमध्ये काही लिहिता का ते बघ. एक्सट२ (लिनक्सची जुनी फाइल सिस्टीम) लिहितं: मागचा शोध कुठल्या पानावर लागला ते इनोडमध्ये ठेवून पुढचा शोध तिथून सुरू करतं. दोन लुकअपने एकदम लिहिलं तर? काही होत नाही, तो नुसता अंदाज आहे, चुकीचा निघाला तर जरा जास्त पानं चाळावी लागतील आणि आकडा हद्दीबाहेर असेल तर कोड शून्यापासून सुरू करतो. असल्या ठिकाणी लॉक नको हे एका कॉमेंटमध्ये लिहून ठेव, नाहीतर पाच वर्षांनी कोणीतरी प्रामाणिकपणे परत टाकेल.

क्रिएट, अनलिंक, एमकेडिर यांना डिरेक्टरी एक्सक्लूसिव्ह मिळते, म्हणजे डिरेक्टरीच्या मजकुरासाठी वेगळं काही नको. पण ब्लॉक बिटमॅप (कुठले ब्लॉक मोकळे त्याचा नकाशा) आणि मोकळ्या इनोडचे आकडे सगळ्या डिरेक्टऱ्यांना मिळून असतात, त्यांचं लॉक राहणारच. आयऑक्टलला व्हीएफएस काहीच देत नाही. २.६.११ ला अनलॉक्ड_आयऑक्टल आलं आणि २.६.३६ मध्ये बीकेएलवालं जुनं आयऑक्टल बंद झालं, तेव्हापासून तिथे जे लागेल ते तुमचं तुम्ही घ्यायचं.

---

जुनंखोड

ताईंनी छान मांडलंय. यात एलसीकचं सांगतो कारण ते माझं आवडतं उदाहरण आहे. जेनेरिक_फाइल_एलसीक पूर्वी इनोडचा म्युटेक्स घ्यायचं. २०११ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलं की जास्त कोअरच्या मशीनवर त्यांचे साधे सिलेक्ट एका हद्दीनंतर वाढायच्या ऐवजी घसरतात. कारण काय, तर टेबल केवढं आहे हे कळायला ते फाइलच्या शेवटी सीक करतात आणि सगळी बॅकएंड प्रोसेस एकाच इनोडच्या म्युटेक्सवर येऊन आदळतात. फाइलची लांबी वाचायची, बस्स, त्यासाठी एवढी मारामारी! अँडी क्लीनने ३.२ मध्ये ते लॉक जवळजवळ संपवलं. सीक_सेट आणि सीक_एंडला (फाइलच्या सुरुवातीपासून आणि शेवटापासून मोजणारे) लॉक नाही, सीक_करला (आत्ताच्या जागेपासून मोजणारं) फक्त त्या उघड्या फाइलचं छोटं स्पिनलॉक, कारण तिथे आधीची जागा वाचून तिच्यात भर घालायची असते.

तेव्हा तुमचं स्वतःचं एलसीक असेल आणि ते काही खास करत नसेल तर सरळ उडव आणि जेनेरिक वापर. लॉकही जाईल आणि कोडही.

आणि भलत्या उत्साहात पंधरा नवीन लॉक बनवू नकोस हं. पहिला मोठा फायदा एकाच गोष्टीत आहे, ग्लोबल म्युटेक्सच्या जागी दर सुपरब्लॉकला एक. दहा माउंट एकमेकांपासून सुटले की तुझ्या तक्रारीतला बराच भाग तिथेच मिटेल. त्याच्यापुढे बारीक तुकडे करायचे तर मोजून, जिथे आकडे दाखवतील तिथेच. नाहीतर दुखतंय कुठे आणि मलम कुठे.

---

भिजतघोंगडं

मस्त, हे सगळं कळलं. दोन शंका.

एक, स्टॅटएफएस. तिथे आम्ही लॉक घेतो, मोकळ्या ब्लॉकचा आकडा वाचतो, लॉक सोडतो, तो आकडा परत देतो. हे नुसतं काढलं तर चालेल ना? लॉक सोडल्या क्षणी तो आकडा तसाही शिळा झालेला असतो.

दोन, बदल केल्यावर एक्सएफएसटेस्ट्स (फाइल सिस्टीम तपासणाऱ्या तयार चाचण्या) पास झाल्या आणि लॉकडेप गप्प राहिलं तर सुरक्षित समजायचं का? सीनियर तेच विचारणार आहेत.

---

आर्म_चौसष्ट

दुसऱ्याचं आधी: नाही, नाही आणि नाही. २००६ मध्ये २.६.१८ ला लॉकडेप आलं ते लॉक कुठल्या क्रमाने घेतले जातात ते बघायला, म्हणजे डेडलॉक होऊ शकतो का. लॉक घ्यायला हवं होतं आणि घेतलंच नाही हे त्याला दिसत नाही. तुम्ही सगळी लॉक काढून टाकलीत तर लॉकडेप अगदी खूश होईल. त्यासाठी केसीसॅन आहे, ५.८ पासून. एकाच मेमरीला दोन सीपीयूंनी एकदम हात लावला आणि त्यात एक लिहिणारा असला की तो पकडतो. मशीन खूप हळू होतं पण टेस्टच्या एका मशीनवर रात्रभर चालवायला काय जातंय. आणि त्यानेही पकडलं नाही म्हणजे नाहीच असं नसतं, तो नमुन्यादाखल तपासतो.

आणखी एक, एक्स८६ वर पास झालं म्हणून हुरळू नका. तिथे मेमरीचा क्रम बऱ्यापैकी पाळला जातो, एआरएम६४ वर नाही. लॉक नुसतं इतरांना बाहेर ठेवत नाही, आधी लिहिलेलं आधी दिसेल याची हमी पण देतं. समजा तुम्ही स्ट्रक्चर भरता आणि मग ‘तयार’ असा फ्लॅग लावता. लॉक काढलंत तर एआरएमवर दुसऱ्या कोअरला फ्लॅग आधी दिसेल आणि आत जुना कचरा. तिथे एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि वाचणाऱ्याकडे एसएमपी_लोड_अक्वायर (हा क्रम पाळायला लावणारी जोडी) लागतं. आमच्याकडे अशाच एका फ्लॅगपायी एआरएमचे सर्व्हर उगाच पडायचे आणि लोक हार्डवेअरला शिव्या घालत बसले होते.

आता स्टॅटएफएस. तुझं बरोबर आहे, एकच आकडा वाचायला लॉक घेऊन काही साधत नाही, पण रीड_वन्सने वाच आणि लिहिणाऱ्याकडे राइट_वन्स लाव (कंपायलरला एकदाच वाचायला-लिहायला लावणारे मॅक्रो). हो, लिहिणारा लॉकच्या आत असला तरी, कारण वाचणारा आता बाहेर आहे. नाहीतर कंपायलर काहीही करायला मोकळा आणि केसीसॅन ओरडणार ते वेगळं. दोन गोष्टी बघ. आकडा ६४ बिटचा असेल आणि ३२ बिटचं मशीन अजून सपोर्ट करत असाल तर तो दोन तुकड्यांत वाचला जातो, अर्धा जुना अर्धा नवा. आय_साइज_रीडला (फाइलची लांबी वाचणारं फंक्शन) ३२ बिटवर सीक्वेन्स काउंटर (मधेच बदल झाला का ते सांगणारा आकडा) लागतो तो यासाठीच, आणि तिथे कोडमध्येच ताकीद लिहिलीये की आय_साइज_राइट लॉकशिवाय केलंत तर काउंटरची एखादी वाढ हरवेल आणि वाचणारा कायमचा फिरत बसेल. म्हणजे वाचणाऱ्याचं लॉक काढता येतं म्हणून लिहिणाऱ्याचंही काढता येईल असं नाही, हे लोक फार विसरतात.

दुसरं, मोकळे ब्लॉक आणि मोकळे इनोड असे दोन आकडे एकमेकांशी जुळायला हवेत असं कोणी वरती गृहीत धरलंय का? डीएफला (मोकळी जागा दाखवणाऱ्या कमांडला) काही फरक पडत नाही. पण तुमचं एखादं टूल दोन्हींची बेरीज तपासत असेल तर बोंबाबोंब होईल. तसं नसेल तर आकडा परसीपीयू काउंटरमध्ये (दर सीपीयूचा वेगळा हिशोब) टाका, एक्सट२ आणि एक्सट४ तेच करतात, मग अलोकेशनच्या वाटेवरही त्या आकड्यासाठी लॉक लागत नाही.

---

इनोडवाली

+१. आणि सीनियरांना समजवायचं असेल तर लॉक_सुपरचं उदाहरण दे. बीकेएल गेल्यावरही सुपरब्लॉकमध्ये हे एक जुनं लॉक उरलं होतं, ३.७ च्या वेळी मार्को स्टोर्नेलीने एकेक फाइल सिस्टीम घेऊन ते काढलं. एक्सट३, एक्सट४ मध्ये नुसतं काढलं, फॅटला मात्र खरंच लागत होतं म्हणून तिथे फॅटच्याच सुपरब्लॉकमध्ये स्वतःचा म्युटेक्स दिला. ‘काढा’ आणि ‘हात लावू नका’ यापैकी एकच उत्तर सगळीकडे लागू पडत नाही, दोघांनाही त्यातून आपापलं मिळेल. 😀

पॅच करताना एक लॉक, एक कमिट. कमिट मेसेजमध्ये ‘गरज नाही’ एवढंच लिहू नकोस, हे लॉक कुठला डेटा राखतंय असं वाटत होतं, त्या डेटाला आता कोण राखतं, आणि कोण कोण तिथे पोचू शकतं ते लिही. हे लिहिता येत नसेल तर ते लॉक अजून काढायचं नाही. बायसेक्ट करायची (बिघाड कुठल्या कमिटने आला ते शोधायची) वेळ आली तर याचा उपयोग होतो, आणि ती वेळ येते.

---

भिजतघोंगडं

हे सोमवारी टीममध्ये मांडतो. जुन्या एसव्हीएनमधून गिटमध्ये येताना हिस्टरी उडालीये त्यामुळे कुठलं लॉक कोणी का टाकलं ते कळत नाही. आयऑक्टलमध्ये एका जागी फक्त ‘डू नॉट रिमूव्ह’ लिहिलंय, पुढे काही नाही. 🤦 त्याचं काय करू?

आणि रीनेम?

---

जुनंखोड

त्या आयऑक्टलमध्ये ज्या ज्या स्ट्रक्चरला हात लागतो त्यांची यादी काढ आणि प्रत्येकाला आणखी कोण हात लावतं ते ग्रेप कर. बहुतेक वेळा असल्या कॉमेंटखाली फ्रीझ, रीसाइझ किंवा डीफ्रॅग असलं काहीतरी निघतं, जिथे आयऑक्टल एका बाजूने अख्खा बिटमॅप हलवतो आणि दुसऱ्या बाजूने अलोकेशन चालू असतं. तसं असेल तर लॉक खरं आहे, फक्त कॉमेंट नीट लिही.

रीनेमला सगळ्यात शेवटी हात लाव. दोन डिरेक्टऱ्या वेगळ्या असल्या की व्हीएफएस सुपरब्लॉकचा रीनेम म्युटेक्स घेतं आणि मग दोन्ही डिरेक्टऱ्या ठरलेल्या क्रमाने लॉक करतं, त्यामुळे झाडाचा आकार तिथे सांभाळलेला असतो. पण तुमच्या रीनेममध्ये जुन्या नावाची एंट्री पुसणं आणि नवी लिहिणं यांच्यामध्ये जर्नल (बदल आधी नोंदवून ठेवणारी वही) कसं चालतं ते मला इथून दिसत नाही. फाइल सिस्टीमला जर्नल आहे का, आणि असेल तर ट्रान्झॅक्शन सुरू होताना हा म्युटेक्स आधी घेतलेला असतो की नंतर?

---

भिजतघोंगडं

जर्नल आहे. राइट_इनोडमध्ये म्युटेक्स आधी मग ट्रान्झॅक्शन, आणि आत्ता उघडून बघितलं तर रीनेममध्ये उलटं.

---

इनोडवाली

मग बाकी सगळं राहू दे, तो क्रम आधी सरळ कर. एवढे दिवस कदाचित रिकर्सिव्ह रॅपरमुळे लॉकडेपला तो दिसला नसेल, साधा म्युटेक्स आल्यावर रीनेमला रिपोर्ट येऊ शकतो. रॅपर मोडायच्या पॅचच्या आधी हा पॅच लाव, आणि जमलं तर जुन्या रिलीजच्या ब्रँचवर पण पाठव.